वयाच्या मानाने ठीक

आधीच सांगते, हे लिहिताना माझा राग उतरलेला नाही. आजारपणातून बाहेर आलं की माणूस शांत होतो, असं लोक म्हणतात. मी झाले नाही. माझे दोन्ही कान बरेचसे गेलेत, दोन्हींत मशीन बसवलंय, आणि राग होता तिथेच आहे. अर्धा एका कागदावर आणि अर्धा माझ्यावर. कागदाला त्याचं काही नाही, म्हणून मीच लिहायला बसले.

माझं नाव महानंदा, वय अठ्ठावन्न. सोलापुरात शेळगीकडे आमचं घर आहे. घरामागे पत्र्याचं शेड आहे आणि तिथे आम्ही सहा बायका गेली एकोणीस वर्षं कडक भाकरी करतो. ज्वारीची, वर तीळ लावलेली, पापडाच्या जवळ जाईल इतकी पातळ. तव्यावरून उतरली की मंद आचेवर ती पूर्ण वाळवायची. नीट वाळली तर महिनोन्‌महिने टिकते. आत ओल राहिली तर पाकिटात बुरशी धरते आणि दुकानदार माल परत पाठवतो. माझे कान गेल्याचं मला सगळ्यात आधी त्या भाकरीवरून कळायला हवं होतं. कळलं सगळ्यात शेवटी.

तो कागद

चार वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका मंगल कार्यालयात मोफत तपासणीचं शिबिर होतं. डोळे, साखर, बीपी आणि कान. चार टेबलं, चार रांगा. वर पंखे घरघरत होते आणि स्टेजवरून कुणीतरी माइकवर आभार मानत होतं, ते आभार काही संपत नव्हते. कानाच्या टेबलावरच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर बसून हळू आवाजात पाच-सहा शब्द म्हटले, मी ते परत म्हणून दाखवले. समोर बसून, बरं का. त्यांचे ओठ मला स्वच्छ दिसत होते. मग त्यांनी माझ्या कानाजवळ बोटं चोळली आणि मी मान हलवली. ती बोटं मी ऐकली की नुसती पाहिली, हे आता देवालाच माहीत.

कागदावर त्यांनी लिहिलं, ‘वयाच्या मानाने ठीक’. सही केली आणि पुढच्या बाईला हाक मारली.

मी काय केलं? येताना झेरॉक्सच्या दुकानात तो कागद लॅमिनेट करून घेतला. रेशनकार्ड आणि आधार ठेवते त्या पिशवीत ठेवला. पुढची चार वर्षं घरात कुणी माझ्या कानाचा विषय काढला की मी ती पिशवी उघडायचे आणि कागद समोर आपटायचे. ‘डॉक्टरची सही आहे. तुम्ही डॉक्टर आहात का?’ कुणी नव्हतं. सगळे गप्प बसायचे आणि मला वाटायचं, मी जिंकले.

घरात सगळे पुटपुटतात

आमच्या घरात कन्नड आणि मराठी दोन्ही चालतं. कन्नडात बहिऱ्या बाईला केप्पी म्हणतात. आमच्या ह्यांनी मला पहिल्यांदा केप्पी म्हटलं ते चेष्टेत. दुसऱ्यांदाही चेष्टेतच. पन्नासाव्यांदा ती चेष्टा राहत नाही, पण हे म्हणणाऱ्याला कुठे कळतं. ह्यांचा आवाज जाड आणि मोठा आहे, सगळी हयात बाजार समितीत पुकारा करण्यात गेली. त्यामुळे त्यांचं बोलणं मला नीट ऐकू यायचं आणि मी म्हणायचे, ‘बघा, तुमचं येतं की नाही ऐकू? मग कान माझे खराब कसे?’

सून पूजा मात्र मऊ बोलते. ती मला अत्ती म्हणते, आमच्यात सासूला तसंच म्हणतात. तिचं बोलणं मला तुकड्या-तुकड्यांनी कळायला लागलं. आवाज यायचा, शब्द हाती लागायचे नाहीत. मी ठरवून टाकलं, ही मुद्दाम तोंडातल्या तोंडात बोलते. माझ्याबद्दल बोलते. एकदा जेवायला सगळे बसले असताना मी तिला म्हटलं, ‘बोलायचं असेल तर तोंड उघडून बोल, नाहीतर बोलू नकोस.’

तिने दुसरा पर्याय घेतला. सिद्धू, माझा मुलगा, मध्ये निरोप्या झाला. ‘पूजा विचारतीये, भाजी कुठली करू.’ एकाच स्वयंपाकघरात आम्ही दोघी आणि निरोप आणायला मुलगा. तिच्या वडिलांना दवाखान्यात ठेवलं होतं ते मला तीन दिवसांनी शेजारणीकडून कळलं. मी पूजाला जाब विचारला. ती पहिल्यांदाच माझ्यासमोर ओरडली, ‘अत्ती, मी तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं! तुम्ही मान हलवली आणि शेडमध्ये गेलात!’

मी पिशवी उघडून कागद काढला. आज हे आठवलं तरी मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. तिचा बाप आजारी होता आणि मी तिला लॅमिनेट केलेला कागद दाखवत होते.

पाट

आता शेडमधलं.

भाकरी वाळली की नाही हे आमच्याकडे ठोकून बघतात. डाव्या हाताच्या बोटांवर भाकरी तोलून धरायची आणि उजव्या हाताचं बोट दुमडून सांध्याने टकटक करायचं. वाळलेली भाकरी खणकन वाजते. ओल असेल तर बद्द वाजते. खणखणीत ती पाकिटात, बद्द ती परत आचेवर. तोडून बघायची रीत नाही, कारण तोडलेली भाकरी विकली जात नाही. ठोकणारी बाई दाराजवळ पाटावर बसते आणि तिचा शब्द शेवटचा. पहिल्या दिवसापासून त्या पाटावर मी बसले. माझ्या हातून गेलेलं पाकीट परत येत नाही, असं दुकानदार सांगायचे आणि मी ते सगळ्यांना सांगायचे.

कमल आमच्यात सगळ्यात लहान, पस्तिशीची. माहेर सांगोल्याकडचं, घरी मेंढरं. तिच्या हाताची भाकरी सगळ्यांत पातळ. आमच्या दातांनी चावाव्या लागतात, तिची जिभेवर ठेवली की मोडते. मीच एकेकाळी इतर बायकांना म्हणायचे, कमलकडे बघून शिका.

गेल्या वर्षी, जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेआधी मागणी वाढली आणि त्याच सुमारास कमलच्या भाकऱ्या बद्द वाजायला लागल्या. आधी एखादी, मग पाचातल्या दोन, मग जवळजवळ सगळ्याच. बाकीच्यांच्या ठीक होत्या. मी तिच्या परत आचेवर टाकायला लावल्या. त्या करपल्या, कडू झाल्या. मी म्हटलं, ‘कमल, घाई करतेस तू. आचेवरून लवकर उतरवतेस.’

‘न्हाय ओ अक्का. रोजच्यासारकंच करते.’

‘मग माझं बोट खोटं बोलतं का?’

असं आठवडाभर चाललं. एक दिवस मी तिची अख्खी चळत बाजूला सारली आणि सगळ्यांसमोर बोलले की मन कामात नसेल तर घरी बसावं, गटाचं नाव घालवू नये. कमल उठली. चळतीतली वरची भाकरी घेतली, माझ्या डोळ्यांसमोर तिचे दोन तुकडे केले आणि एक माझ्यापुढे धरला. ‘बद्द न्हाय अक्का. लई कडक हाय. खाऊन बगा की.’

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एकोणीस वर्षं पाटावर बसलेल्या बाईला ही चव घ्यायला सांगते. मी तो तुकडा तिच्या हातातच राहू दिला. म्हटलं, ‘मला शिकवू नकोस.’

बाकी चौघी खाली बघत होत्या. त्यांच्यातल्या कुणाला ती भाकरी खणखणीत वाजलेली ऐकू आली नसेल, असं मला आता वाटत नाही. पण पाटावर मी होते. कमलने आपली परात धुतली, तव्यावरची शेवटची भाकरी उतरवून ठेवली आणि परात घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. मी निरोप पाठवला नाही.

माझ्या हातची

कमल गेल्यावर पातळ भाकरीचं गिऱ्हाईक ओरडायला लागलं. म्हणून एका दुपारी मी स्वतः करायला बसले. तिच्या मापाची, तिच्या पद्धतीने. मला येतेच, मीच तर सगळ्यांना शिकवलं. नीट वाळवली, ठोकली. बद्द.

परत आचेवर ठेवली. दहा मिनिटांनी ठोकली. बद्द. परत ठेवली. तिसऱ्यांदा ती काळपट झाली होती आणि तरी बद्दच. मी ती कानाला लावून ठोकली. उजव्या, मग डाव्या. मग तोडली. ती तुटली नाही, तिचा चुरा झाला. हातात नुसता भुगा, आणि त्यात ओलीचा मागमूस नाही.

मग मी बाकीच्यांच्या चळतीतली जाड भाकरी उचलून ठोकली. ती खणकन वाजली. जाड वाजत होती आणि पातळ वाजत नव्हती. कमलची ती चळत, करपलेल्या भाकऱ्या, तिने पुढे केलेला तुकडा, सगळं एकदम समोर आलं. मला रडू नाही आलं. मला इतका राग आला की मी तो पाट उचलून शेडच्या बाहेर फेकला.

आवाज ऐकून पूजा आली. मी म्हटलं, ‘मला कानाच्या डॉक्टरकडे ने.’ तिने पर्स घेतली आणि रिक्षा बोलावली.

काचेची खोली

कान तपासणाऱ्या मॅडम पूजाच्या वयाच्या होत्या. मला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन घातले, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबा, कितीही बारीक असला तरी. आणि त्यांनी खुर्ची फिरवली, म्हणजे त्यांचं तोंड मला दिसेना.

तेव्हा मला भीती वाटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणाच्या तोंडाकडे न बघता ऐकायचं होतं. आवाज येत होते, जात होते आणि मधे लांबलांब शांतता होती. त्या शांततेत काहीतरी वाजत असणार हे मला समजत होतं. दोन-तीनदा मी उगाच बटण दाबलं. लबाडीच केली. ती त्यांना लगेच कळली आणि त्यांनी ती तपासणी पुन्हा पहिल्यापासून केली.

बाहेर आल्यावर त्यांनी कागदावर दोन कानांच्या दोन रेघा दाखवल्या, डाव्या बाजूला वर असलेल्या आणि उजवीकडे दरीत उतरलेल्या. ‘जाड आवाज तुम्हाला ऐकू येतात. बारीक, उंच आवाज गेलेत. बहुतेक लोकांचं असंच हळूहळू जातं, म्हणून त्यांना कळत नाही.’ मी भाकरीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, पातळ, कोरड्या भाकरीची टकटक बारीक असते, म्हणून कमलच्या भाकरीचा आवाज आधी गेला.

‘याआधी कधी तपासलं होतं?’

मी पिशवीतून लॅमिनेट केलेला कागद काढला. त्यांनी तो वाचला आणि खाली बोट ठेवलं. तिथे छापलेलं होतं, ‘पुढील तपासणी’, आणि पुढे एक रेघ. रेघेवर काही नव्हतं. चार वर्षं तो कागद मी लोकांच्या तोंडावर नाचवला आणि ती रिकामी रेघ मी एकदाही पाहिली नाही.

मी भडकले. त्या मॅडमवर, ज्यांची काही चूक नव्हती. ‘वयाच्या मानाने म्हणजे काय? माझं वय तेव्हा चोपन्न होतं. चोपन्नाव्या वर्षी कमी ऐकू यावं असं कुठे लिहिलंय? आणि कमी होतं तर पुन्हा कधी या, एवढं लिहायला किती शाई लागली असती?’ पूजाने माझा हात धरला. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘तुमचं बरोबर आहे. ती रेघ भरायला हवी होती.’ आणि माझ्या नव्या कागदावर त्यांनी आधी तीच ओळ भरली, बाकी सगळं नंतर.

कधी जायचं

मला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. मॅडमनी मला समजावलं ते असं. पन्नाशी ओलांडली की काही त्रास नसला तरी दोन-तीन वर्षांनी एकदा कान तपासून घ्यायचे. कमी ऐकू येतं असं एकदा निघालं की दरवर्षी, मशीन लावलेलं असलं तरी, कारण कान बदलतो आणि मशीन आपोआप बदलत नाही. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, उद्यावर टाकायचं नाही. आणि जुना चांगला रिपोर्ट हा त्या दिवसापुरता असतो.

हे डॉक्टरांचं. आता माझं ऐका. घरातले सगळे एकाच वर्षात पुटपुटायला लागले, सून घुमी झाली, टीव्हीवरच्या बायका अस्पष्ट बोलायला लागल्या आणि ज्याच्या हाताला तुम्ही वर्षानुवर्षं नावाजलं त्याचं काम एकाएकी बिघडलं, तर त्या सगळ्यांवर ओरडायच्या आधी जाऊन तपासून या. इतके लोक एकदम बिघडत नाहीत.

मशीनच्या पहिल्या पंधरा दिवसांबद्दल कुणी खरं सांगत नाही. भांडी आपटली की डोक्यात वीज चमकते. कागदाची पिशवी चुरचुरली तरी चिडायला होतं. मी दोनदा मशीन काढून डब्यात ठेवलं आणि दोनदा पूजाने ते माझ्या तळहातावर आणून ठेवलं. पण फोडणीतली मोहरी तडतडताना ऐकली तेव्हा लक्षात आलं की कित्येक वर्षं मी ती नुसती बघत होते. आणि पूजा मऊ बोलते, हळू नाही. तिच्या बोलण्यात ‘स’ फार छान येतो. मी तिला तसं सांगितलं. ती हसली आणि मग बराच वेळ चुलीकडे तोंड करून उभी राहिली. ह्यांनी अजून एकदा केप्पी म्हणून बघितलं. सिद्धू म्हणाला, ‘अप्पा, बस्स.’ तेव्हापासून बंद आहे.

कमल

कमल बाळे भागात एका मेसमध्ये पोळ्या लाटत होती. मी तिच्या खोलीवर गेले. मशीन दाखवलं, दरीत उतरलेली रेघ दाखवली, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती रडेल किंवा माफ करेल. आजारी माणसाला लोक माफ करतात.

ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, ‘तुमचं कान गेलं, ते मला समजलं. त्याचा राग न्हाय. पर मी खाऊन बगा म्हनले, तवा तुमचं दात तर शाबूत हुतं की.’

कान गेल्याचा दोष मी त्या कागदाला देऊ शकते, त्या रिकाम्या रेघेला देऊ शकते. तो तुकडा मी तोंडात टाकला नाही, त्याचा दोष कुणाला द्यायचा?

निघताना मी म्हटलं, ‘परत ये.’

‘हितं गुपचूप यिऊन सांगू नगा. जितं मला खोटं पाडलं तितं सांगा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये, चौघींसमोर मी सांगितलं. कमलच्या भाकऱ्या चांगल्या होत्या. मला ऐकू येत नव्हतं. तिने तुकडा पुढे केला आणि मी खाल्ला नाही, ते कानामुळे नाही, माझ्या ताठ्यामुळे. सांगताना आवाज कापत होता आणि मशीनमुळे तो कापणारा आवाज मलाच मोठा ऐकू येत होता. चौघींतल्या शांताबाई हळूच म्हणाल्या, ‘आम्हाला कळत होतं की.’ मी त्यांच्याकडे बघितलं. ‘मग बोलला का नाहीत?’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही कागद काढला असता.’

तीन आठवड्यांनी कमल आली. परात घेऊन आली, पण चुलीकडे गेली नाही. मी बाहेर फेकलेला पाट कुणीतरी परत आणून ठेवला होता. ती म्हणाली, ‘आजपास्नं हितं मी बसनार.’ आणि बसली. पाटाच्या वर भिंतीला माझा नवा कागद टाचणीने लावलाय, पुढच्या तपासणीची तारीख सगळ्यांना दिसेल असा. या कागदाला मी लॅमिनेशन केलेलं नाही.

मी भाकऱ्या केल्या. सगळ्यांत वरची तिने तीन बोटांवर घेतली, ठोकली, ऐकली. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मग तिने ती मोडली. एकोणीस वर्षांत त्या पाटावर बसून कुणी दुसरीची भाकरी मोडून पाहिली नव्हती. अर्धी स्वतःच्या तोंडात घातली आणि अर्धी माझ्यापुढे धरली.

‘खावा.’

मशीन लावून कडक काही चावलं की तो आवाज डोक्यात दगड फोडल्यासारखा होतो. म्हणून मी जेवताना ते काढून ठेवते. त्या दिवशी काढलं नाही. चौघी बघत होत्या, कमल समोर बसून चावत होती, आणि मी ती अर्धी भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.